सातारा–पाचगणी, १२ जुन्या गाड्या: पसरणी घाटाची तयारी कशी करावी?

शाहूपुरी_११००:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरातल्या एका रविवारी साताऱ्याहून पाचवड, वाई, पसरणी घाट करत पाचगणी आणि परत, असा आमच्या ग्रुपचा बेत आहे. ७ पद्मिनी, ३ अँबेसिडर (त्यातली एक मार्क-टू, म्हणजे जुनं मॉडेल), १ स्टँडर्ड हेरल्ड, १ विलीज जीप. सपाटीवर सगळ्या नीट चालतात, पण एकत्र घाट चढायची ही पहिलीच वेळ. गाडी तापू नये म्हणून आधी काय बघावं? घाटात बंद पडली तर पेट्रोल की करंट, हे कसं ओळखायचं? आणि सगळ्यांत मिळून स्पेअरची एकच पेटी न्यायची तर तिच्यात काय हवंच?

कृष्णाकाठ:
आठ दिवस आधी रेडिएटरपासून सुरुवात करा. गाडी २० मिनिटं चालवून पूर्ण तापवा, बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीजवळून वरून खाली हात फिरवा. ऊब हळूहळू कमी होत गेली तर ठीक. मध्येच गार पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या क्षाराने बुजल्यात. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. नुसत्या फ्लशिंगने भागत नाही, रेडिएटर उतरवून वरची-खालची टाकी उघडून साफ करावा लागतो. परत भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला.

फॅन बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १२-१३ मिमी दबला पाहिजे. रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर नवी कॅप लावा, पण तेवढ्याच प्रेशरची. जास्त प्रेशरची लावली की जुना रेडिएटर डाग देऊन झाळलेल्या जागी उलतो. आणि टायमिंग (प्लगला ठिणगी पडायची वेळ) तपासा. टायमिंग मागे पडलं तरी इंजिन तापतं, आणि लोक पाण्याच्याच बाजूला शोधत बसतात.

वाई ते पाचगणी १२ किलोमीटरच्या आसपास आहे, पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरहून जास्त चढ. तिसऱ्यात घरघर लागली की लगेच दुसरा टाका. खालच्या गिअरमध्ये इंजिनाबरोबर पंखा आणि वॉटर पंपही जोरात फिरतात, टॉपमध्ये रेटत नेलं की दोन्ही मंदावतात. तापमानाचा काटा वर गेला तर बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी उकळून बाहेर येत असेल तर मात्र लगेच बंद. कॅपला अर्धा तास हात लावायचा नाही. पाणी संपलेल्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

पॉइंट_कंडेन्सर:
पद्मिनीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे इंजिनाची सगळी उष्णता त्याला लागते. चढ संपल्यावर गाडी बंद करून चहाला गेलात की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी सुरू होते, १००-२०० मीटर जाते आणि झटके देत मरते. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटना (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांना) जोडलेला छोटा कंडेन्सर तापला तर तोही अगदी असाच त्रास देतो, म्हणून आधी ओळख पटवा. एका प्लगची वायर काढून तिला जुना प्लग लावा, प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. हे कार्ब्युरेटरपासून लांब, कुठे पेट्रोल गळत नाही ना हे बघून. ठिणगी निळी आणि कट्ट वाजणारी असेल तर दोष पेट्रोलचा. पिवळी, बारीक असेल तर पॉइंट बघा. ते करपलेले दिसले तर कंडेन्सर बदला.

वाफ झाली असेल तर बॉनेट उघडा, सुती फडकं ओलं करून पंपावर आणि पाइपावर गुंडाळा, १० मिनिटं थांबा. डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू देऊ नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फुगतात, चिरतात. रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे टाका, क्लिपा नव्या घ्या. दोन-तीन महिने टाकीत पडलेलं पेट्रोल घेऊन निघू नका, त्यात ओलावा धरलेला असतो. आदल्या दिवशी ताजं भरा.

ढोल्या_गणपती:
चढापेक्षा उतार जास्त जपा. यातल्या बहुतेक गाड्यांना चारही ड्रम ब्रेक. सतत पाय ठेवला की ड्रम तापून फुगतो, आतल्या शूच्या लायनिंगपासून (घासणाऱ्या पट्टीपासून) लांब जातो, पेडल खाली जातं. ब्रेक ऑइल जुनं असेल तर गोष्ट आणखी वाईट. नवं डॉट-३ प्रकारचं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, ओलावा धरलेलं १४० च्या आसपास. उकळलं की पेडल सरळ बुडतं. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलूनच या. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवा, न्यूट्रल अजिबात नको.

खाली वाईला आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात धरून बघा, ड्रमला टेकवू नका. एकच चाक फार तापलेलं असेल तर त्याचा शू चिकटतोय किंवा व्हील सिलेंडर जाम आहे. एकच गार असेल तर ते ब्रेक लावतच नाही. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

सर्वांत कमी ताकदीची गाडी पुढे, जाणकार मेकॅनिक आणि टोचनची दोरी सर्वांत मागच्या गाडीत. घाटात दोन गाड्यांत ५०-६० मीटर सोडा, इतर वाहनांना मध्ये शिरायला जागा राहते. साताऱ्यातून सहाला निघा. उशीर झाला की रविवारची पर्यटकांची गर्दी लागते, आणि रांगेत उभ्या उभ्याच या गाड्या तापतात. डायनॅमोवाल्या (अल्टरनेटर नसलेल्या) गाड्या आयडलला नीट चार्ज करत नाहीत, त्यामुळे अंधार पडायच्या आत खाली या. आनेवाडी टोल वाटेत आहे, फास्टॅग सगळ्यांचे चालू हवेत.

शाहूपुरी_११००:
मनापासून आभार. पेटीचं राहिलं. शिवाय एका गाडीला व्हीए मालिकेचा नंबर आहे, ती चालेल का? आणि दोन पद्मिनी पीयूसीत अडकल्यात.

कृष्णाकाठ:
व्हीए नंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मिळतो. ती गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नुसती सहल म्हणून नेऊ नका. रॅली म्हणून काढणार असाल तर पोलिसांना आधी लेखी कळवून परवानगी घ्या आणि ती प्रत गाडीत ठेवा.

पीयूसीला तुमच्या पद्मिनींसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. आधी एअर फिल्टर आणि प्लग साफ, पॉइंटचा गॅप सारखा, मगच इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) पाव पाव फेरा आत घ्या. उलट क्रमाने केलं की आकडा हलत राहतो.

पॉइंट_कंडेन्सर:
पेटीत पद्मिनी आणि अँबेसिडरचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट प्रत्येकी दोन. हेरल्ड आणि विलीजवाल्यांनी आपापले आणावेत, एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत. एक १२ व्होल्टची कॉइल, पंपाचा डायफ्रॅम, मीटरभर पेट्रोल पाइप, होज क्लिपा, फ्यूज, फीलर गेज, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, १० लिटर पाणी, चाकामागे लावायला लाकडी गुटके, आणि एबीसी पावडरचं अग्निशामक. ते डिकीत नको, हाताशी ठेवा.

मार्क-टूची बॅटरी बघून घ्या. त्या काळच्या अँबेसिडरमध्ये बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. जंप द्यायची वेळ आली तर प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकता कामा नयेत, टेकले तर थेट शॉर्ट होतं.