मदत हवी आहे: खानापूर ते दिल्ली, पाच माणसं, 26 जानेवारी. सांबरा (बेळगाव), मोपा (गोवा) की सरळ रेल्वे?

जांबोटीनाका

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या पोस्टिंग दिल्लीला. यंदा परेड बघायला याच म्हणून मागं लागलाय. वडील 68, आई 63, मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. आई-वडील विमानात कधी बसलेले नाहीत. वडील म्हणतात, "एकदा वरनं बघूया की, आपला मुलूख कसा दिसतोय ते." म्हणजे निदान एका बाजूनं तरी विमान पाहिजेच. भावाचं क्वार्टर एका खोलीचं, तिथं आई-वडील कसेबसे मावतील. आम्हा तिघांना हॉटेल बघावं लागणार. 22 ला सकाळी पोचायचं आणि 27 ला निघायचं असं ठरलंय.

आता गोंधळ सांगतो. आपल्या भागाच्या नशिबात विमानतळ उदंड! सांबरा, हुबळी, कोल्हापूर, वर गोव्यात दोन. गेले आठ दिवस रात्री मोबाईल घेऊन बसतोय. 27 चं दिल्लीहून सांबऱ्याचं तिकीट माणशी 8,700 दाखवतंय आणि मोपाचं 6,300. पाच माणसांचे सरळ 12,000 वाचतात. शिवाय मोपाहून चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करत आलं की खानापूर फार लांब नाही. बायको म्हणते, यात काहीतरी गोम आहे. मला ती सापडत नाही.

हॉटेलचीही धास्ती बसली आहे. मागच्या वर्षी मुंबईला एका ॲपवरून खोली घेतली, पैसे आधीच भरले. रात्री साडेदहाला बॅगा घेऊन पोचलो तर काउंटरवरचा म्हणतो, "असं बुकिंग आमच्याकडं आलंच नाही." ॲपवाल्याला फोन लावला तर अर्धा तास नुसतं संगीत. शेवटी लेक खुर्चीतच झोपली म्हणून तिथंच पुन्हा पैसे भरले. पहिले पैसे परत यायला दीड महिना गेला.

तर जाणकारांनी सांगावं: विमानतळ कुठला धरू, दिल्लीत राहू कुठं, आणि कुठं पैसे वाचवायच्या नादात उलटे जातात?

ता. क. दिल्लीत महाराष्ट्र सदनात सोय होते का असं विचारलं तर मित्र म्हणाला, तुमचं आधार कर्नाटकाचं, तुम्ही कर्नाटक भवनात विचारा. तिथं विचारावं तर अर्ज कन्नडमध्ये लिहिणार कोण? आम्ही आपले दोन्ही घरचे पाहुणे.

घाटातला_स्टिअरिंग

मी टॅक्सीच चालवतो, म्हणून बोलतोय. तुमच्या वैनींना गोम बरोबर कळली आहे.

बेळगाव-खानापूरची गाडी मोपाला सोडायला गेली तर कोण काही म्हणत नाही. आणायला जाणं मात्र जोखमीचं. गोव्याबाहेरच्या गाडीनं तिथनं गिऱ्हाईक उचललं की तिथल्या टॅक्सीवाल्यांशी हुज्जत ठरलेली. माझी स्वतःची दोनदा झाली आहे. मग तिथल्या काउंटरवरची प्रीपेड टॅक्सी घ्या, आणि ती घाट चढून कर्नाटकात यायची म्हणजे परतीचं रिकामं भाडंही तुमच्याच खिशातनं. पाच माणसं आणि सामान म्हटल्यावर लहान गाडी चालणार नाही. पाच-साडेपाच हजार धरून चला.

आणि विमान कितीला उतरतंय ते बघितलंय का? स्वस्त तिकिटं बहुतेक अवेळीच असतात. रात्री बाराला चोर्ला घाटात धुकं आणि वळणं, वर म्हातारी माणसं गाडीत. मी तरी माझ्या आईला आणणार नाही.

खडेबाजार_शहापूर

गोव्याचं तिकीट काढताना कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. आमच्या भावजींनी नुसतं "गोवा" बघून तिकीट काढलं आणि दाबोळीच्या विमानाला मोपावर जाऊन उभे राहिले. दोन्हींच्या मध्ये अख्खा उत्तर गोवा आहे. मोपा जानेवारी 2023 पासून चालू आहे, पण लोकांच्या डोक्यात अजून गोवा म्हटलं की दाबोळीच.

दिल्लीत_नऊ_वर्षं

जांबोटीनाका, मी मूळचा निपाणीचा, नोकरीनिमित्त दिल्लीत. जरा सविस्तर लिहितो.

आधी हवामान. जानेवारीत इथं सकाळी धुकं असं पडतं की समोरचा माणूस दिसत नाही. सकाळची विमानं तासन् तास लटकतात. त्यात गेली काही वर्षं 26 च्या आधीच्या आठवड्यात सरावासाठी सकाळी काही वेळ आकाशच बंद ठेवतात. म्हणून परतीचं विमान दुपारी एकनंतरचंच घ्या, चार-पाचशे जास्त पडले तरी.

बेंगळुरूत विमान बदलून सांबऱ्याला यायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढा. लोक हुशारी करून दिल्ली-बेंगळुरू एका कंपनीचं आणि पुढचं दुसरीचं असं वेगवेगळं काढतात, हजार-दीड हजार वाचतात. पण पहिलं विमान धुक्यात अडकलं आणि दुसरं सुटलं तर दुसरी कंपनी हात वर करते, तिचा काय दोष? एकाच तिकिटावर असलं की पुढं पोचवायची जबाबदारी त्यांची. माझे स्वतःचे या हुशारीत एकदा तीन माणसांचे पैसे गेलेत.

राहण्याचं म्हणाल तर विमानतळाजवळ महिपालपूरला स्वस्त हॉटेलांची रांग आहे, पण तिथनं कुठंही जायचं तर रोज टॅक्सी. त्यापेक्षा करोलबाग किंवा पहाडगंज भागात, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा. नवी दिल्ली स्टेशनपासून टर्मिनल 3 पर्यंत एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो आहे. वीसेक मिनिटं, माणशी शंभराच्या आत. रस्त्यानं टॅक्सी केली तर त्या आठवड्यात बंद रस्त्यांमुळं किती वेळ लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. विमान टर्मिनल 1 वरून असेल तर ती लाईन वेगळी, मजेंटा. तिकिटावर टर्मिनल बघून घ्या.

हॉटेल ॲपवर शोधा, पण ठरवताना थेट हॉटेलला फोन लावा. ॲपवरचा भाव सांगायचा आणि विचारायचं, "थेट घेतलं तर किती?" बऱ्याचदा दोनशे-तीनशे कमी होतात, नाहीतर नाश्ता तरी मिळतो. भाव करसहित आहे का तेही विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीला जीएसटी 5 टक्के आहे, आधी 12 होता. कुणी जुना दर लावला तर बोला. आणि ॲपवरून घेतलंच, तर "हॉटेलवर पैसे द्या" हा पर्याय निवडून निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून नाव नोंदलंय का ते विचारा. तुमची मुंबईची रात्र एका फोननं वाचली असती.

सदन-भवनाचा नाद सोडा, 26 जानेवारीला तिथं साहेब लोकांनाच जागा पुरत नाही. भाऊ फौजेत आहे ना? त्याला युनिटमध्ये गेस्ट रूमची चौकशी आत्ताच करायला सांगा. मिळाली तर हॉटेलचा प्रश्नच मिटला.

लोंडा_जंक्शन

विमानवाल्यांचं झालं असेल तर जरा आमच्या रेल्वेकडं बघा. जाताना गोवा एक्सप्रेस. वास्को ते निजामुद्दीन, रोज आहे. लोंड्याला नाहीतर बेळगावला संध्याकाळी बसा, दोन रात्री झोपा, तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. एक हॉटेलची रात्र वाचली, सामानाच्या वजनाची कटकट नाही. धुक्यानं तीही लेट होते, नाही असं नाही, पण डब्यात निदान आडवं तरी पडता येतं.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 चे 60 केलेत. म्हणजे 20 जानेवारीच्या गाडीचं 21 नोव्हेंबरला सकाळी 8 ला. त्या दिवशी दूध आणायला दुसऱ्याला पाठवा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आई-वडिलांचं तिकीट तुमच्यापासून वेगळं काढा. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा 60 वरचे पुरुष आणि 45 वरच्या बायका यांना मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील आणि दोघंही त्यात बसत असतील तरच. पाचही नावं एका तिकिटावर घातलीत तर कोटा लागणार नाही आणि वडील वरच्या बर्थवर शिडी चढत बसतील. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च 2020 मध्ये गेली. लेकीला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडेल, विमानातही दोन वर्षांवरच्या मुलांना पूर्णच पडतं.

शहापूरची_सून

एक सावधगिरीचं. काही अडचण आली तर कंपनीचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. माझ्या चुलतभावानं रिफंडसाठी असाच पहिला दिसलेला नंबर लावला. तिकडच्यानं गोड बोलून एक ॲप घालायला लावलं आणि 38,000 गेले. नंबर तिकिटावर किंवा त्यांच्या ॲपमध्येच बघायचा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनवर तक्रार, उशीर केला तर उपयोग होत नाही. आणि हॉटेल किंवा ॲपवाले पैसे द्यायला टाळाटाळ करत असतील तर ग्राहक हेल्पलाईन 1915.

जांबोटीनाका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कागद-पेन घेऊन बसलो. हिशेब मांडतो, चुकलं तर सांगा.

मोपाला तिकिटात वाचतात 12,000. तिथनं घरापर्यंत गाडी 5,500, सांबऱ्याहून खानापूर 1,200. म्हणजे 4,300 तिथंच गेले. मग नीट बघितलं तर ते 6,300 चं तिकीट फक्त हातातल्या 7 किलोच्या बॅगेचं! खाली टाकायच्या तीन बॅगांचे वेगळे 4,500. सांबऱ्याच्या तिकिटात 15 किलो धरलेले आहेत. उरले 3,200. आणि विमान उतरतंय रात्री 11:40 ला. पाच माणसांनी पहाटे तीनला घरी पोचायचे 3,200! बायकोला कागद दाखवला. ती काही बोलली नाही, नुसतं चहा ठेवायला गेली.

तर जाताना गोवा एक्सप्रेस, दोन वेगळी तिकिटं. येताना दिल्ली-बेंगळुरू-सांबरा एकाच पीएनआरवर, दुपारचं. भावानं गेस्ट रूमसाठी अर्ज टाकलाय, मिळाली नाही तर करोलबागला एका हॉटेलशी बोलून ठेवलंय. फोनवर थेट 350 कमी केले.

दोन शंका राहिल्यात. एक, तब्येतीमुळं ऐनवेळी वडिलांचं विमान तिकीट रद्द करावं लागलं तर सगळेच पैसे बुडतात का? दुसरी, भावासाठी आई कुंदा, लोणचं आणि सुकं खोबरं बांधणार आहे, ते न्यायला चालेल का?

दिल्लीत_नऊ_वर्षं

सगळे बुडत नाहीत. "नॉन रिफंडेबल" लिहिलेलं असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची फी परत द्यावीच लागते, विमानाला गेलाच नाहीत तरीही. लोक मागत नाहीत म्हणून राहून जाते. आणि रद्द करायचा दंड मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. नावाचं स्पेलिंगही आत्ताच आधारशी ताडून बघा. कंपनीच्या साईटवरून काढलं असेल तर 24 तासांत फुकट दुरुस्त होतं, नंतर डोकेदुखी.

लोंडा_जंक्शन

जाताना रेल्वेनंच जाताय ना? मग कुंदा, लोणचं, खोबरं, पोतं भरून न्या, कोण विचारतंय. येताना मात्र विमानात सुकं खोबरं चालत नाही, ना हातात ना खालच्या बॅगेत. त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून. उरलेलं भावाकडंच ठेवा.

जांबोटीनाका

उरतंय कुठलं. भावाच्या शेजारी दोन घरं बेळगावचीच आहेत. वडिलांचा नवा प्रश्न आलाय: सांबऱ्याला उतरताना खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची? कुणाला माहीत असेल तर सांगा, सीट आजच निवडायची आहे.