मदत हवी: मोबाईल पाण्यात पडला, मागचा कॅमेरा पांढरा दिसायलाय, ई-पीक पाहणी अडली

तेरणाकाठ:
काल मोबाईल पाण्यात पडला, लगेच काढला, चालू हाय, कॉल लागायलेत, व्हॉट्सअप बी चालतंय पण मागच्या कॅमेऱ्यात सगळं दुधावाणी पांढरं. पुढचा चांगला हाय. रात्रभर तांदळात ठेवला, काही फरक नाही. ई-पीक पाहणीची (सरकारी ॲपवर फोटो काढून पिकाची नोंद) मुदत संपत आलीय, चार एकर सोयाबीन उभं हाय आन् फोटोच निघंना गेलाय. दुकानवाला म्हणतो खोलावा लागंल, बोर्ड गेला तर जबाबदारी आमची नाही. घरच्या घरी काही होतं का? लवकर सांगा.

परभणी_रिपेरिंग:
मॉडेल कोणतं, वॉरंटी हाय का, किती वेळ पाण्यात होता, पाणी कशाचं, नंतर चार्जिंगला लावला का? हे कळल्याशिवाय काय सांगावं भाऊ.

औशाचा_मामा:
तांदूळच बरोबर हाय पण एका रात्रीत नाही होत, तीन दिवस बंद करून ठेवा. माझा 2019 ला ओढ्यात पडला होता, तांदळानंच वाचला, अजून पोराकडं चालू हाय.

परभणी_रिपेरिंग:
मामा, तुमचा तीन दिवस बंद राहिला म्हणून वाळला, तांदळानं नाही. उलट तांदळाची भुकटी चार्जिंगच्या खाचंत बसती. अॅपलनं 2024 ला स्वतः सांगितलं की तांदळात ठेवू नका. त्यापेक्षा नव्या बुटाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात त्या बऱ्या.

औशाचा_मामा:
कंपनीला नवा मोबाईल खपवायचाय, ते असंच सांगणार.

गोदाकाठ_नांदेड:
हेअर ड्रायर मारा दहा मिनिटं, माझ्या बहिणीच्या मोबाईलची वाफ अशीच गेली.

परभणी_रिपेरिंग:
ड्रायर नका हो! गरम हवेनं कॅमेऱ्याच्या काचेचा गोंद सुटतो. कडक उन्हात बी ठेवू नका, बॅटरीला धोका.

सातबारा_उतारा:
भाऊ, पाहणीसाठी तुमचाच मोबाईल पाहिजे असं नाही. एका मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद होती, शेजाऱ्याचा घेऊन वावरात जा आन् ॲपमधूनच फोटो काढा. सातबाऱ्यावर सोयाबीन लागलं नाही तर हमीभावाच्या खरेदीला अडतं.

गोदाकाठ_नांदेड:
हमीभावाचं काय घेऊन बसलात, 2025-26 ला क्विंटलला 5,328 रुपये होता, आमचं अडतीवर चार हजाराच्या आत गेलं, नंबर लागेपर्यंत थांबायला पैसा कुणाकडं हाय.

सातबारा_उतारा:
म्हणून तर नोंदणी लवकर करा म्हणतोय.

तेरणाकाठ:
ते भावाचं नंतर बघू, आधी कॅमेऱ्याचं सांगा. दोन वर्षं झाली घेऊन, वॉरंटी संपली, खोक्यावर आयपी (पाणी-धुळीपासून बचावाचं रेटिंग) काही लिहिलेलं नाही. मिनिटभर पडला आसंल. ओटीपी यायचा होता म्हणून रात्री चार्जिंगला लावला. पाणी साधंच, फवारणीच्या ड्रमातलं.

परभणी_रिपेरिंग:
ड्रमात औषध कालवलं होतं का?

तेरणाकाठ:
हो, चक्रीभुंग्याचं कीटकनाशक. वाकलो आन् वरच्या खिशातून पडला.

परभणी_रिपेरिंग:
हेच आधी सांगायचं होतं. मग नुसतं वाळवून भागणार नाही, पाणी उडून जातं पण औषधाचा चिकट थर मागं राहतो आन् करंट चालू असला की आतल्या पिना गंजतात. आयपी 67 असता तरी उपयोग नव्हता, ती टेस्ट साध्या पाण्यात, एक मीटर खोल, 30 मिनिटं असती. आत्ताच बंद करा, चार्जर लावू नका. मग कॅमेऱ्यावर टॉर्च तिरपी धरून बघा, धुरकटपणा वरच्या काचेखाली दिसला तर खोलून आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसल्यावर निघू शकतो. आत भिंगात असंल नाहीतर बंद करायच्या आधी फोकस करताना टकटक आवाज येत होता तर कॅमेऱ्याचा मॉड्यूल बदलायचा, तो कनेक्टरवर बसतो, त्यासाठी बोर्ड बदलावा लागत नाही. आधी किंमत विचारा आन् जुना पार्ट परत मागा.

औशाचा_मामा:
औषध होतं तर मग खोलूनच घ्या, तेवढं मी बी म्हणतो.

धाराशिवची_लेक:
दादा, तो तांदूळ कुठला होता? घरच्या डब्यातला का?

तेरणाकाठ:
हो ताई, सकाळी परत डब्यातच ओतला.

धाराशिवची_लेक:
आख्खा डबा टाकून द्या, कोंबड्यांना बी घालू नका. मोबाईल हातमोजे घालून पुसा, कानाला लावू नका, लेकरांच्या हातात तर अजिबात नको. आधी घरी कळवा.

तेरणाकाठ:
शेजाऱ्याच्या मोबाईलवरून लिहितोय. आईला फोन लावला, दुपारचा भात अजून टाकला नव्हता, डबा बाजूला काढायला सांगितलं. मोबाईल बंद केलाय. पाहणी आता याच मोबाईलवरून करतो, वावराकडंच निघालोय.