मदत हवी आहे: ६४० तास चाललेल्या डीजीला (डिझेल जनरेटरला) फुल ओव्हरहॉलिंग?

मंडळी, आमच्या सोसायटीत (पुणे) १२५ केव्हीएचा डीजी आहे. सहा सिलिंडर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा). वय ९ वर्षं, मीटरवर तास फक्त ६४०. पावसाळ्यापासून सायलेन्सरच्या आधीच्या फ्लॅन्जमधून (पाइपच्या जोडातून) काळं, चिकट तेल गळतंय. सुरू केला की पांढरट धूर, डोळे चुरचुरतात. तळमजल्यावरच्यांची बोलणी मला खावी लागतात, कारण सेक्रेटरी मी.

एएमसीवाला (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेला) म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागेल. कोटेशन बघून कमिटी गप्प झाली. ऑइल आणि फिल्टर आम्ही दर वर्षी बदलतो. दर शनिवारी वॉचमन दहा मिनिटं चालवतो, लोड न टाकता. लाइट गेली की त्यावर एक लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि एक पंप, मिळून १५-१६ किलोवॉट. इतक्या कमी तासांत रिंगा जातात का?

प्रतिसाद १
आधी टर्बो बघा. हवेचा पाइप काढून शाफ्ट हाताने हलवला की कळतं. ढिला लागला तर तेल तिथूनच येतंय.

प्रतिसाद २
टर्बो बघाच, पण मला दुखणं वेगळं वाटतंय. १२५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला १०० किलोवॉट. तुमचा लोड त्याच्या १५-१६ टक्के, आणि शनिवारी तर शून्य. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेटतं. लोड नसला की सिलिंडर तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, उरलेलं काजळीसोबत एक्झॉस्टमध्ये जातं. तेच तुमच्या फ्लॅन्जमधून गळतंय. इंग्रजीत याला वेट स्टॅकिंग म्हणतात.

रिंगांचंही तसंच. रिंग लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घट्ट बसते ती मुख्यतः मागून येणाऱ्या गॅसच्या दाबाने. दाब कमी, म्हणून तेल वर चढतं, तिथेच करपतं आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग त्यावर तेल धरत नाही. प्रकरण इथवर गेलं असेल तर हेड उतरवून होनिंग (लायनर घासून पुन्हा खरखरीत) करण्यावाचून इलाज नाही. नसेल तर नुसत्या लोडने सुधारतं.

म्हणून हेडला हात लावण्याआधी लोड बँक (जनरेटरवर हवा तेवढा कृत्रिम लोड टाकणारं यंत्र) भाड्याने आणा. ३० टक्क्यांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ७५ पर्यंत न्या, तीन-चार तास. घाई नको: पाइपमध्ये साचलेलं तेल एकदम तापलं तर पेट घेतं. अग्निशामक जवळ ठेवा. धूर आधी वाढेल, मग निवळेल. निवळला तर रिंगा शाबूत. निळा धूर राहिला आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या श्वासनळीतून) वाफारा जोरात येत राहिला, तर एएमसीवाल्याचं खरं. नीट वापरलेलं इंजिन दहा हजार तासांच्या आत सहसा उघडावं लागत नाही, पण हे तासांवरून ठरवू नका.

एक राहिलं: डिपस्टिकवर पातळी उतरतेय की चढतेय?

धागाकर्ता
आत्ताच बघून आलो. वरच्या खुणेच्याही वर आहे! कुणी टॉप-अप केलेलं नाही. बोटावर घेतलं तर डिझेलचा वास येतोय.

प्रतिसाद २
मग लोड बँक थांबवा. ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. पातळ ऑइलवर लोड टाकलात तर बेअरिंगं खराब होतील. आधी सगळ्या इंजेक्टरची नोजलं काढून टेस्टिंगला द्या, एखादं थेंब टाकत असेल. फीड पंपाचं सीलही तपासून घ्या. नंतर ऑइल आणि फिल्टर नवं, मग लोड.

शनिवारची दहा मिनिटं बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, पण दोन्ही लिफ्ट आणि सगळे पंप एकदम त्यावर घेऊन, निदान ३० किलोवॉट भरेल असं बघून. बंद करण्याआधी लोड काढून तीन-चार मिनिटं चालू द्या, टर्बो थंड होतो. बॅटरीला चार्जर कायम लावलेला असू दे, नाहीतर ऐनवेळी सेल्फच फिरणार नाही.

धागाकर्ता
नोजलवाला उद्या येतोय. ३० किलोवॉट दोन लिफ्ट आणि पंपांनी भरत नाहीत, २२ च्या आसपास जातात. क्लबहाउसचे एसी चेंजओव्हरवर (लाइट गेली की डीजीवर जोडणाऱ्या स्विचवर) घेता येतील का, हे इलेक्ट्रिशियनला विचारून सांगतो.