हुरड्याची आगटी, पेटवलेले बांध आणि नान्नजचा माळ: गावानं आगबंदी करावी का?

माळाकडेचा शेतकरी

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. संक्रांतीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत माळालगतच्या शिवारात उघड्यावर काहीही पेटवायचं नाही. बांध नाही, पाचट नाही, शेकोटी नाही आणि हुरडा भाजायची आगटीसुद्धा नाही. शेवटच्या गोष्टीवर लोक चिडणार हे माहीत आहे, म्हणून आधी इथं बोलतो.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळढोक अभयारण्याला खेटून. गेल्या वर्षी शेजारच्या रानात शहरातली मंडळी हुरड्याला आली होती. रात्री जाताना त्यांनी आगटीवर माती लोटली आणि विझली असं धरून गेली. गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला, बांधावरच्या कुसळी गवतानं पेट घेतला आणि माझी सहाशे पेंढ्यांची, रचून ठेवलेली कडब्याची बनीम गेली. द्राक्षबागेच्या कडेच्या दोन ओळींचं ठिबक वितळलं. तिथून आग माळावर चढली. आम्ही पंधरा-वीस जण कडुलिंबाच्या फांद्या आणि ओली पोती घेऊन झोडपत होतो. टँकर आला तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कडबा विकत घेता येतो. पण त्या काळ्या माळावर संध्याकाळी एक माळटिटवी एकाच जागेवर घिरट्या घालत ओरडत होती, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हुरडा आमचा हंगाम

दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण एकाच्या चुकीसाठी सगळ्यांच्या आगट्या विझवणार का? आमची पाच एकर कोरडवाहू ज्वारी. बाजारात दाणे विकून जे मिळतं, त्यापेक्षा पौष-माघातल्या सात-आठ रविवारी जास्त मिळतं. मी, माझी जाऊ आणि गावातल्या चार बायका यावर उभ्या आहोत. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सगळं घरचं. संक्रांतीला बंद करायचं म्हणजे निम्मा हंगाम गेला.

आणि आगटी म्हणजे उघड्यावरची शेकोटी नव्हे. नीट आगटी जमिनीत खड्डा करून असते, भोवती हातभर जागा खरवडून साफ केलेली. सासूबाईंनी शिकवलं ते असं: सगळे उठले की खड्ड्यात पाणी ओतायचं, काठीनं राख ढवळायची, पुन्हा पाणी. मग वर हात धरून बघायचा. ऊब लागली तर अजून एक घागर. नुसती माती टाकली की निखारा झाकला जातो, मरत नाही. तुमच्या शेजाऱ्याकडे नेमकं हेच चुकलं. चुकीची पद्धत बंद करा, हुरडा नको.

शनिवारी माळावर

मी सोलापुरात राहतो, पक्षी बघायला बारा वर्षं नान्नजला येतोय. मी ठरावाच्या पूर्ण बाजूनं आहे, आगटीवरच्या बंदीसकट.

अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ झालं, म्हणून माळ रिकामा झाला असं लोकांना वाटतं. तो रिकामा नाही. पखुर्डी, धाविक, चंडोल, माळटिटवी हे सगळे जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे खडीतला एक खळगा. माळटिटवी आणि धाविक यांची वीण मार्चपासून, ऐन आगीच्या दिवसांत. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात जन्मतात, तेव्हा ती बिळाजवळच असतात. मोठा प्राणी पळतो. अंड्याला आणि डोळे न उघडलेल्या पिल्लाला पळता येत नाही.

कायदाही आहेच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३०: अभयारण्यात, त्याला धोका होईल अशी आग लावणं, पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं मना आहे. "पेटती सोडून जाणं" हे शब्द बघा. हद्दीच्या आत मागे राहिलेली आगटी त्यातच येते. पण अभयारण्याची हद्द आणि तुमचा बांध यांच्यात वाऱ्याला रेघ दिसत नाही. म्हणून गावाचा नियम हवा.

मेंढरामागं

आग लागली की पयलं बोट आमच्याकडं. मेंढक्यानं कोंब फुटावा म्हणून पेटवलं म्हणत्यात. आवो, ज्या मुलखात मधी पाऊस पडतो तिथं आसंल तसं. ह्या माळावर मृगाशिवाय थेंब न्हाई. माघात पेटवलं तर कोंब कशावर फुटंल? ते वाळलेलं गवतच आमच्या मेंढरांचा उन्हाळा हाय. ते जळलं तर आमी कुठं जायचं? माळ जळू नये आसं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसंल.

पण तुमचा ठराव वाचला आन् पोटात गोळा आला. "काहीही पेटवायचं न्हाई." मंग आमचं तळावरचं तीन दगडाचं चुलाण? बायका भाकरी कशावर भाजतील? गॅसची टाकी घोड्यावर बांधू? आन् रातच्याला वाघरीभवती, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीभवती, जाळ नसला की लांडगा येतो. शनिवारच्या सायबांना लांडग्याची पिल्लं दिसली. आमाला आमच्या कोकरांची मोजणी करावी लागती.

शनिवारी माळावर

मामा, तुमच्या चुलीबद्दल मी विचारच केला नव्हता. तेवढं मागे घेतो. पण सहलीला येऊन केलेली आगटी आणि पोटासाठीची चूल या दोन्हींना एकच नियम असावा असंही मला वाटत नाही. मजेच्या आगीवर बंदी राहू द्या.

हुरडा आमचा हंगाम

खाणाऱ्याची मजा असेल, भाजणाऱ्याचं पोट आहे.

रोजंदारीवर २६ वर्षं

वनखात्यात मजूर होतो, आता घरी आहे. दोन्हीकडचं ऐकलं, पण कामाचं कुणी बोललं नाही. बंदीनं आग लागायची कमी होईल, लागलेली थांबणार नाही. थांबते ती जाळरेषेनं, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यानं.

आगीचा हंगाम खातं १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतं. त्याच्या आत जाळरेषा झाली पाहिजे. दोन्ही कडांचं गवत कापून आत ओढायचं, मग पहाटे दव असताना, वारा पडलेला असताना मधला पट्टा जाळून काढायचा. दोन्ही बाजूला माणसं फांद्या घेऊन उभी. गवताची आग उंच दिसते पण तिला जळायला पातळ गवतच लागतं. पट्टा मोकळा मिळाला की ती बसते. ठिणगी उडून पलीकडे जाऊ शकते, म्हणून माणूस लागतोच. खातं आपल्या हद्दीत करतं. हद्दीबाहेर गायरान आणि तुमचे बांध, तिथं कुणाचाच हात नाही. आग तिथूनच आत येते.

कुणी म्हणेल आता उपग्रहावरून मोबाईलवर संदेश येतो. येतो, चांगलं आहे. पण उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. वाऱ्यावर दोन एकर गवत अर्ध्या तासात संपतं. आधी वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा आणि फांदी तोडा.

आणखी एक, पक्षीवाल्यांना आवडणार नाही. गवताला आगीची सवय आहे, मूळ जमिनीखाली जिवंत राहतं. उलट पूर्वी माळावर लावलेल्या गिरीपुष्पाची दाटी मला जास्त खुपते. माळाला झाड नको, गवत पाहिजे. पण फाल्गुनात सगळा माळ एकदम जळाला तर चार महिने काळविटाला तोंड घालायला जागा नाही, आणि उघड्या मुरमावरची मूठभर माती पहिल्या वळवात ओढ्याला जाते. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस. ती माती पुन्हा तयार व्हायला आपल्या नातवंडांचा जन्म पुरणार नाही.

ऊसवाला, भीमाकाठ

आमच्याकडे माळ नाही, पण पाचटाचं सांगतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. मीही पेटवायचो, कारण खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पिकाला, पाणी द्यायची घाई आणि कुट्टी यंत्राचं भाडं. तीन वर्षं झाली, सरीत दाबतो, वरून युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकतो. उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी वाचते. बंदीनं नाही वळलो, शेजाऱ्याचा खोडवा बघून वळलो. तुमच्या ठरावात दंड असेल तर यंत्राची सोयही असू द्या, नाहीतर लोक रात्री पेटवतील. रात्रीची आग जास्त वाईट.

माळाकडेचा शेतकरी

मी बनीम जळाल्याच्या रागात मसुदा लिहिला होता, हे आता वाचताना कळतं. चूल बंदीतून वगळली. मामा, तुमच्या तळावरचा वाघरीभोवतीचा जाळही वगळला, फक्त तळ गवतात नको, नांगरटीत टाका. माझं रान देतो, खतही होईल.

हुरड्याबद्दल ताईंचं अर्धं मान्य. आगटी शिवरात्रीपर्यंत, खड्ड्यातच, शेजारी दोन घागरी पाणी भरलेलं, आणि विझवायची जबाबदारी पाहुण्यांची नाही, रानमालकाची. वारा सुटलेल्या दिवशी मात्र बंद, पाहुणे दारात आलेले असले तरी. शिवरात्रीनंतर कुणालाच सवलत नाही. बांध पेटवण्यावर मी तसूभर हटणार नाही. बांध खुरप्यानं आणि कोयत्यानं साफ होतो, माझे वडील करायचे.

जाळरेषेसाठी गायरानाच्या कडेनं दर घरातून एक माणूस, दोन पहाटे. वनखात्याला लेखी कळवून त्यांच्या माणसासमोरच.

हुरडा आमचा हंगाम

वाऱ्याच्या दिवशी बंद म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे परत करायचे. हे मला अजून पटलेलं नाही. वारा किती म्हणजे जास्त, ते कोण ठरवणार? ग्रामसभेत बोलीन. जाळरेषेला आमच्या घरून दोघी येऊ.

मेंढरामागं

नांगरटीत तळ टाकतो, कबूल. पण ग्रामसभा सकाळी अकराला आसती. तवा आमी सगळे माळावर आसतो, म्हणून आमच्या नावानं काय ठरलं ते आमाला महिन्यानं कळतं. सांजच्याला ठेवा, मेंढरं वाघरीत घातल्यावर.

माळाकडेचा शेतकरी

सरपंचांना आत्ताच फोन केला. संध्याकाळी सात, मारुतीच्या देवळापुढं.