शब्दचर्चा : ‘बायोस्टॅटिस्टिशियन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : लहान मुलांवरील लशीच्या चाचणीविषयी लिहिताना ‘बायोस्टॅटिस्टिशियन’साठी (म्हणजे अशा चाचणीची आखणी आणि तिच्या आकड्यांचे विश्लेषण करणाऱ्या तज्ज्ञासाठी) ‘आकडेतज्ज्ञ’ हा शब्द वापरला तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते वापरू नये. ‘आकडेतज्ज्ञ’ म्हटले की जमलेल्या आकड्यांचा शेवटी हिशेब करून देणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या व्यक्तीचे मोठे काम पहिले बाळ चाचणीत दाखल होण्यापूर्वीच झालेले असते. मराठीत ‘संख्याशास्त्र’ रुळलेले आहे, म्हणून ‘जैवसंख्याशास्त्रज्ञ’ हा शब्द मला योग्य वाटतो.

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरील रोटाव्हॅक या भारतीय लशीचे उदाहरण घ्यावे. तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील ६,७९९ बाळे होती, आणि त्यांपैकी ४,५३२ बाळांना लस, तर २,२६७ बाळांना प्लासिबो (तुलनेसाठीचा, लस नसलेला डोस) देण्यात आला. दोन्ही गट समान ठेवले असते तर तेवढाच निष्कर्ष कमी बाळांत काढता आला असता; परंतु दोनास एक या प्रमाणामुळे प्लासिबो मिळणाऱ्या बाळांचा वाटा कमी राहतो. अशा प्रमाणासाठी किती जास्त बाळे लागतील, हे आधी मोजून सांगणे हे जैवसंख्याशास्त्रज्ञाचे काम, आणि मुलांच्या संशोधनात त्याला विशेष वजन आहे, कारण संमती बाळ देत नाही, पालक देतात.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोटाव्हायरसमुळे झालेल्या तीव्र जुलाबाच्या घटना लस गटात ७१ आणि प्लासिबो गटात ७६ होत्या. नुसते आकडे वाचणाऱ्याला फरक नाही असेच वाटेल. लस गट दुप्पट मोठा होता हे लक्षात घेतले की परिणामकारकता ५३.६ टक्के येते. याचा अर्थ ‘शंभरातील ५४ बाळे सुरक्षित झाली’ असा नव्हे. लस घेतलेल्यांत अशा आजाराचे प्रमाण प्लासिबो गटाच्या तुलनेत तेवढे कमी होते, असा आहे. सोबतचा ३५.० ते ६६.९ हा विश्वासांतराचा पल्लाही, म्हणजे खरी परिणामकारकता ज्या मर्यादांत असू शकते तो पल्लाही, बातमीत यायला हवा. तो गाळला की एकाच आकड्याला नसलेली निश्चितता चिकटते.

प्रतिप्रश्न : सरकारी मजकुरात ‘जैवसांख्यिकी’ दिसते. आणि ‘लस सुरक्षित ठरली’ हे लिहिणे बरोबर आहे का?

उत्तर : शास्त्रासाठी ‘जैवसांख्यिकी’ला हरकत नाही. दुसऱ्या वाक्याबाबत मात्र मी आग्रही आहे. अमेरिकेत १९९९ साली रोटाशील्ड ही रोटाव्हायरसवरचीच आधीची लस मागे घ्यावी लागली, कारण आतड्यात आतडे शिरण्याचा दुष्परिणाम साधारण दहा हजार बाळांमागे एकात आढळला होता. इतका विरळ दुष्परिणाम लहान चाचणीत निसटू शकतो : रोटाव्हॅकच्या लस गटाएवढ्या साडेचार हजार बाळांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो सुमारे दीड हजारांत एक इतका असण्याची शक्यता संख्याशास्त्र नाकारू शकत नाही. म्हणून अशा ठिकाणी ‘चाचणीतील इतक्या बाळांत अमुक दुष्परिणाम आढळला नाही’ असे, संख्येसह लिहावे.