जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते: कट-ऑफ स्विच की वीजगळतीचा शोध?

डिझेलगडी: चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की सेल्फ ओढत नाही. माझं मत स्पष्ट आहे. जुन्या, कडक झालेल्या वायरिंगला हात लावला की इन्सुलेशन तडकतं आणि एकाचे चार दोष होतात. निगेटिव्ह केबलमध्ये बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच बसवा, काम संपलं की फिरवा.

तारयंत्री: अजिबात पटत नाही. बॅटरी वाचेल, पण बॉडीला घासणारी वायर काम चालू असताना तापतच राहील. शोधायला अर्धा तास पुरतो. चावी बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि केबल-टर्मिनलच्या मध्ये २१ वॅटचा १२ व्होल्ट बल्ब जोडा. लख्ख पेटला तर गळती मोठी. तिथे थेट मीटर लावला असता तर त्याचा फ्यूज उडू शकला असता. पेटला नाही तरच मल्टिमीटर, १० अँपिअरच्या सॉकेटवर. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही. साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य हवा. ०.४ अँपिअर म्हणजे चार दिवसांत ३८ एएच (अँपिअर-तास). ७५ एएचची बॅटरी निम्मी रिकामी!

मग एकेक फ्यूज काढा. आकडा हललाच नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहा; पडला तर त्यातले डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारे भाग, गेलेत. डायनॅमो असेल तर कटआउटचे, म्हणजे इंजिन थांबलं की डायनॅमो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट तपासा. ते चिकटले की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोत उतरते आणि उभ्या ट्रॅक्टरचा डायनॅमो हाताला गरम लागतो.

आम्लमापी: बॅटरीच चांगली आहे हे कुणी ठरवलं? पूर्ण चार्ज करा, काही तास थांबा, १२.६ व्होल्ट दिसले की केबल काढून रात्रभर ठेवा. सकाळी १२.२ असेल तर बॅटरी स्वतःच उतरते आहे. हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजणारी नळी) एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर बॅटरी बदला. त्याआधी वरचा ओलसर थर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, झाकणं घट्ट लावून. त्या थरातूनही करंट वाहतो.

डिझेलगडी: कटआउटचं मान्य. पण काही गळत्या फक्त दवात होतात. दुपारी मीटर शून्यच दाखवणार, तेव्हा काय शोधाल?

तारयंत्री: हेडलाइटचे जोड आणि ट्रॉलीच्या दिव्यांचा मागचा सॉकेट यांवर पाणी शिंपडून मोजा, ओल तिथेच शिरते. स्विच बसवाच, पण शोधानंतर. आणि अल्टरनेटर असेल तर इंजिन चालू असताना स्विच कधीही फिरवू नका: व्होल्टेज उसळतो आणि चांगले डायोड जळतात.