छाटणीतून निघणाऱ्या लाकडाचं काय करावं? नियम काय असतात?

धागाकर्ती:
इमारतीमागच्या जुन्या रेन ट्रीच्या दोन दणकट फांद्या छपरावर झुकल्यात. छाटायची परवानगी मिळाली, पुढच्या आठवड्यात माणसं येतील. कंत्राटदार म्हणतो, "लाकूड आम्हीच उचलून नेऊ." पण इतकी वर्षं ज्याच्या सावलीत वावरलो ते असं कचऱ्यात जाताना मला बघवणार नाही. मांडीएवढे ओंडके, मनगटाएवढ्या फांद्या आणि ढीगभर पाला असं सगळं निघेल. कशाचं काय करता येईल? आणि ठेवून घेतलं तर चालतं का?

आरापट्टी:
आधी परवानगीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तोडायची परवानगी आणि लाकडावरचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. जागा तुमच्या मालकीची असेल तर सहसा लाकूडही तुमचं, पण झाड सार्वजनिक जागेत असेल तर ते त्या यंत्रणेचं. कुंपणाबाहेर न्यायचं झालं तर वाहतूक परवाना लागतो का, हे गाडी भरायच्या आधी विचारा.

दुसरं म्हणजे 'कचरा' कशाला म्हणायचं. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचरा-निर्देशात व्याख्या अशी आहे की धारक जे टाकून देतो, टाकून द्यायचा बेत करतो किंवा ज्याला ते टाकणं भाग असतं, तो कचरा. मला ही नजर कुठेही उपयोगी वाटते. कशाला वापरायचं ते ठरवून स्वच्छ, वेगळं रचलेलं लाकूड म्हणजे माल. तेच विटा-प्लास्टिकमध्ये मिसळलं की त्याचा कचरा झाला. म्हणून कापायच्या आधीच कंत्राटात लिहून घ्या: काय ठेवायचं, किती लांबीचे तुकडे, कुठे रचायचे.

लेथवेडा:
कृपा करून फांदीच्या फळ्या पाडून टेबल करायचं स्वप्न बघू नका. आडव्या फांदीचं लाकूड आयुष्यभर स्वतःचा भार पेलत असतं. रुंद पानांच्या झाडांत वरच्या बाजूला ताणाचं लाकूड तयार होतं आणि चिरलं की फळी वाकते, पिळते. माझ्या चार फळ्या अशाच गेल्या, अजून हळहळ वाटते.

वाडगे मात्र जरूर करा. रेन ट्रीचं लाकूड वाळताना फार आकसत नाही, म्हणून ते ओलं असतानाच कोरतात. ओंडका उभा चिरून मधला गाभा काढून टाका, तडे तिथूनच सुरू होतात. कापल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. टोकांतून पाणी फार वेगाने उडतं, दोन दिवसांनी लावलेला रंग म्हणजे तड्यांवरचा रंग. ओंडके सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. आणि जुन्या झाडात खिळे, तारा निघतात. अवजार लावण्याआधी धातुशोधक फिरवा.

धागाकर्ती:
टेबलाचं मनात होतंच, बरं झालं बोललात. बारीक फांद्या आणि पाल्याचं काय?

ओलीमाती:
चिपरमधून, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून काढा आणि ते तुकडे (चिप्स) त्याच झाडाखाली ५ ते १० सेंटिमीटर थर पसरा, खोडाला चिकटवू नका. चिप्स जमिनीतला नायट्रोजन खातात ही भीती मातीत कालवल्या तरच खरी, नुसत्या वर पसरल्या तर नाही. मोठा ढीग घालून ठेवू नका, आतून तापतो आणि कधी पेटही घेतो. फांदीवर बुरशी किंवा पोखरणारी कीड दिसली तर मात्र काहीच बाहेर देऊ नका. अ‍ॅश नावाची झाडं पोखरणारा पन्ना रंगाचा भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेत मिशिगनला सापडला आणि पुढे लांबलांब पोचला, त्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा वाटा होता. लाकडी खोके-पॅलेट देशाबाहेर पाठवताना गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं तापवायचा आंतरराष्ट्रीय नियम याच धास्तीपोटी आहे.

आरापट्टी:
सरपण करणार असाल तर ओलावा २० टक्क्यांखाली आल्याशिवाय जाळू नका, नुसता धूर होतो. आणि पाला उघड्यावर पेटवायला बहुतेक शहरांत बंदी असते.

धागाकर्ती:
कंत्राटदाराशी बोलले. ओंडके दोन-दोन फुटांचे कापून कुंपणाशी रचून देणार, चिपरही आणणार. लेथवेडा, रंगाचा डबा आणून ठेवलाय. छाटणीच्या दिवशी ब्रश घेऊन खाली उभी असेन.